घनचक्करच्या माथ्यावर

जानेवारीच्या शेवटी डोंगरावरून परतलो तेव्हा आमच्या हातांवर कारवीचे ओरखडे होते आणि चालणे लंगडे झाले होते. रविवारी विहारात वंदना संपल्यावर वडीलधाऱ्यांपैकी एकांनी विचारले, "तिथे लेणी नाही, स्तूप नाही, आपले कोणी स्मारक नाही. धड वाटसुद्धा नाही म्हणता. मग पोरीबाळींना घेऊन गेलात कशाला?" त्यांचा प्रश्न रास्त होता. तिथे उभ्या उभ्या त्याचे उत्तर नीट देता आले नाही, म्हणून हा लेख.

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याचे नाव काढले की लोकांना दुष्काळ, साखर कारखाने आणि शिर्डी आठवते. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. दादासाहेब रुपवते यांचा हा तालुका. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) येथेच आहे. कळसूबाईला आता लोखंडी शिड्या आहेत, कठडे आहेत आणि सुट्टीच्या दिवशी माथ्यावर उभे राहायला जागा मिळत नाही. हरिश्चंद्रगडाचेही तेच. मात्र या दोघांच्या मधल्या रांगेत दीड हजार मीटरच्या आसपास उंचीची अशी शिखरे आहेत की तिकडे गुराख्याशिवाय कोणी फिरकत नाही. शिरपुंजे गावावरचे घनचक्कर हे त्यांपैकी एक. ना शिडी, ना पाटी, ना दगडावर रंगवलेला बाण. वाट आपली आपण काढायची. नाव ऐकून आमच्या घरी हसू झाले ते वेगळेच.

जाण्याचे खरे कारण मात्र आमच्या आजोबांत आहे. आजोबा संगमनेर तालुक्यातील एका खेड्यात गावकीची कामे करीत. गावाच्या शिवेचा प्रत्येक दगड त्यांना ठाऊक. शिवेची तंटाबखेडी झाली की साक्षीला त्यांनाच उभे करीत. साहेब दौऱ्यावर आला की त्याचे ओझे डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत पोचवायचे, टपाल न्यायचे, रात्री-अपरात्री निरोप घेऊन ओढे-नाले तुडवीत पळायचे. मुलखातली एकूणएक आडवाट त्यांच्या पायाखालची, पण त्यातल्या एकाही वाटेवर ते स्वतःच्या मर्जीने चालले नाहीत. मोबदला म्हणजे उष्टे-पाष्टे आणि बलुत्याची पेंढी, तीही कधी मिळे, कधी नाही. या वतनाच्या बेड्या तुटाव्यात म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. प्रत्यक्षात ही वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. आजोबांना तो दिवस पाहता आला. त्यानंतर ते शेतावर आणि बाजाराला सोडून कुठेच चालत गेले नाहीत, असे वडील सांगत. म्हणत, "लई चाललो. आता पुरे."

आमची कचेरीतली नोकरी खुर्चीवरची. वयाच्या चाळिशीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितले आणि तेव्हापासून डोंगराचा नाद लागला. आजोबा ज्या वाटा ओझे घेऊन चालले तशाच वाटा आम्ही आपल्या खुशीने चालतो, भाकरी आपली, पाठपिशवी आपली. संविधानाच्या १९ व्या कलमाने देशात कुठेही मोकळेपणी फिरण्याचा हक्क दिला आहे. तो कागदावरचा हक्क पायांना कळायचा तर असेच चालावे लागते, असे आम्हांला वाटते.

आम्ही सात जण होतो. आमची बारावीतली मुलगी, वस्तीतले तिघे तरुण, पोस्टातले एक मित्र, एस.टी.तून नुकतेच निवृत्त झालेले आमचे चुलते तात्या आणि आम्ही. मुलीला नेण्यावरून घरात दोन दिवस वाद झाला. "पडली-झडली तर कोण उत्तर देणार?" असे सौभाग्यवतींचे म्हणणे. शेवटी मुलीनेच सांगितले, "पप्पांना पडू देणार नाही मी." विषय संपला.

२५ जानेवारीला सकाळी निघालो. संगमनेर, अकोले, राजूर असे एस.टी.ने आणि राजूरहून पुढे जीपने. राजूर सोडले की मुलूख बदलतो. उसाचे फड मागे राहतात आणि भाताची कापून झालेली खाचरे, नाचणी-वरईचे उतार, कारवीच्या कुडाची घरे दिसू लागतात. वस्ती बहुतेक महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. याच भागातील देवगावचे राघोजी भांगरे. सावकारांविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध उठलेल्या या वीराला २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. इतकी वर्षे तो सरकारच्या हाती लागला नाही, कारण शिपाई वाटेने शोधत होते आणि तो वाटा सोडून राहत होता. डोंगर पाहिल्यावर हे पटते.

शिरपुंज्यात पोचलो तेव्हा अंधारले होते. एका घराच्या ओसरीवर रात्री टेकायची सोय झाली. तिथे एक प्रसंग घडला तो लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. घरची म्हातारी आजी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. आम्ही सगळे जीपमधून उतरून तहानलेले. तरुणांनी हात पुढे केला आणि तात्या एकदम मागे सरले, अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "आजी, आम्ही बौद्ध हाये बरं का. आधीच सांगितलेलं बरं." कोणी विचारले नव्हते. साठीला आलेला, तीस वर्षे सरकारी बिल्ला लावून तिकिटे फाडलेला माणूस. पण लहानपणी पाण्यापायी काही तरी सोसले असणार, ते जीभ विसरली नव्हती. आजी क्षणभर पाहत राहिली. मग म्हणाली, "पाणी विहिरीचं हाये, चांगलं हाये. प्या की." आणि आत जाऊन दुसरा तांब्या भरून आणला. तात्या प्याले. तरुणांना मात्र हसावे की रागवावे ते कळेना.

रात्री आम्ही मुलांना दौलताबादची हकीकत सांगितली. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले असता वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेले ते लोक दरवाजाजवळच्या हौदावर हातपाय धुऊन आत निघाले, तोच हौद बाटवला म्हणून आरडाओरडा करीत जमाव धावून आला. शेवटी गडावर पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, हत्यारी शिपाई बरोबर देऊन त्यांना किल्ला दाखवण्यात आला. परदेशात शिकून आलेला बॅरिस्टर, महाडचे चवदार तळे १९२७ मध्ये मोकळे करणारा पुढारी, आणि किल्ला पाहताना त्याच्यामागे पाण्याचा पहारा. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. तरुणांपैकी एकाने विचारले, "मग ते परत फिरले नाहीत?" नाही फिरले. किल्ला पाहिला. त्यानंतर तात्यांना कोणी काही बोलले नाही.

२६ ला पहाटे पाचला बॅटरीच्या उजेडात निघालो. पहिला टप्पा गावावरच्या भैरवगडाचा. गडावर गुहेत भैरवनाथाचे ठाणे असल्यामुळे इथपर्यंत वाट आहे, अवघड जागी पायऱ्या आणि कठडे आहेत, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. टाक्यांच्या पायऱ्यांवर बसून आम्ही भाकरी खाल्ली. इतक्यात खालून शाळेचा भोंगा ऐकू आला आणि पाठोपाठ मुलांच्या आवाजात राष्ट्रगीत. उंचीमुळे शब्द तुटक येत होते, पण चाल स्पष्ट होती. आम्ही सातही जण हातातली भाकरी ठेवून उभे राहिलो. बाटल्या भरून घेतल्या आणि खिंडीत उतरलो. इथून पुढे वाट संपली.

वाट नसणे म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला सांगणे अवघड आहे. समोर डोंगराची सोंड दिसते, माथाही दिसतो. वाटते, सरळ चढत गेले की झाले. पण पावसाळ्यानंतरचे गवत जानेवारीत वाळून तेलकट होते, त्यावर बूट ठरत नाही. त्याखाली बारीक मुरमाचा घसारा. मधूनच ढोरवाटा फुटतात, अगदी मळलेल्या वाटतात आणि पन्नास पावलांवर झुडपात विरून जातात. गुरांना माथ्यावर जायचे नसते, त्यांना चारा हवा असतो, एवढी साधी गोष्ट आपल्याला दमल्यावर कळते. आणि कारवी! सात वर्षांनी एकदा फुलणारी ही झाडी फुलली की म्हणे डोंगर जांभळा होतो. आमच्या वाट्याला आली ती वाळकी, डोक्याच्या वर गेलेली, काठ्यांसारखी ताठ. पुढचा माणूस फांदी सोडतो, ती मागच्याच्या तोंडावर बसते.

आमची चूक अशी झाली की गावातून वाटाड्या घेतला नाही. तिघा तरुणांनी मोबाईलमध्ये नकाशा उतरवून आणला होता आणि त्यावर कोणी तरी चालून गेल्याची रेघ होती. आम्हीही होकार दिला. दोनशे रुपये वाचवण्याचा कारकुनी हिशेब मनात होता, हे कबूल करतो. रेघ सोंडेच्या डाव्या अंगाने कारवीत शिरली. तिच्यामागे आम्ही शिरलो. तासभर रांगत, वाकत, एकमेकांना हाका मारत गेलो आणि एकाएकी समोर उजेड आला. पुढचा तरुण थबकला. चार पावलांवर कडा होता. खाली पाहवेना. रेघ त्या कड्यावरून हवेत पुढे गेलेली. बहुधा जाणाऱ्याचे यंत्रच भरकटले असेल.

मागे फिरायचे तर आलो कुठून ते सापडेना. कारवी आपल्यामागे मिटून जाते. पोस्टातल्या मित्रांच्या पायात गोळे आले. ऊन चढले. पाणी तपासले तर सात माणसांत मिळून तीन बाटल्या उरल्या होत्या. मुलीने शांतपणे तिन्ही बाटल्या स्वतःच्या पिशवीत टाकल्या आणि सांगितले की आता मी देईन तेव्हाच प्यायचे, प्रत्येकाला दोन झाकणे. तिचे कोणालाच नाही म्हणता आले नाही. आम्हांला त्या वेळी खरी भीती वाटली ती घरी दिलेल्या शब्दाची. या धारेवर मोबाईल लागत नव्हता. माणूस पडला तर खाली कळवायलाच दोन तास.

तात्यांनी वाट काढली असे म्हणता येणार नाही, पण माणूस त्यांनी काढला. त्यांना कुऱ्हाडीचा आवाज ऐकू आला. एस.टी.च्या घंटीच्या सवयीचा कान! त्यांनी दोन्ही तळहात तोंडाशी धरून लांब हाक दिली, शेतात देतात तशी. तिसऱ्या हाकेला वरून उत्तर आले. "तिथंच थांबा, हलू नका." पंधरा-वीस मिनिटांनी कारवी बाजूला सारीत एक बाबा उतरले. सत्तरीचे तरी असावेत. डोक्याला मुंडासे, पायात टायरच्या चपला, कमरेला कोयता. सरपणाला आले होते. आमच्याकडे, मग मोबाईलकडे पाहून म्हणाले, "इथून तर वानर बी जात नाही."

बाबा पुढे आणि आम्ही मागे. ते कारवीशी झुंजत नव्हते. मधूनच वाकत, कुठे आडवे होत, कातळाची एक पट्टी गाठून तिच्या कडेकडेने जात. त्या पट्टीवर झाडोरा नव्हता. आमच्या डोळ्यांना ती दिसलीच नव्हती. एका कातळटप्प्यावर हाताला धरायला खोबणी होत्या. त्यांनी प्रत्येकाला पाय कुठे ठेवायचा ते काठीने दाखवले आणि आमच्या मुलीला म्हणाले, "बाय, खाली नको बघू, माझ्या काठीकडं बघ." ती आमच्याआधी वर गेली. त्यांच्या पाठीमागून चालताना आम्हांला सारखी आजोबांची आठवण येत होती. साहेबाच्या घोड्यापुढे ते असेच चालत असतील. वाट त्यांना माहीत आणि दौऱ्याच्या कागदावर नाव साहेबाचे.

माथ्यावर पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. घनचक्करचा माथा म्हणजे टोक नव्हे, वाळल्या गवताचे लांबरुंद पठार आहे. वारा असा की बोललेले ऐकू येईना. उत्तरेला भंडारदऱ्याचे पाणी चकाकत होते आणि त्यापलीकडे कळसूबाईची रांग. पश्चिमेला रतनगड, कात्राबाई, लांब आजोबा पर्वत. दक्षिणेकडे हरिश्चंद्रगड. आम्ही उभे होतो ती धार म्हणजे दोन नद्यांमधला बांधच. उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस प्रवरेला जातो, दक्षिणेच्या उतारावरचा मुळेला. प्रवरेवर इंग्रजांनी भंडारदऱ्याला धरण बांधले, ते १९२६ साली पुरे झाले. त्याच्या पाण्यावर खालच्या तालुक्यांचा ऊस उभा राहिला, आणि १९५० साली प्रवरेकाठी लोणीला सहकारी साखर कारखाना निघाला. मुळेचे पाणी राहुरीजवळच्या धरणात साठते आणि तेथून नगर शहराच्या नळाला येते. आमच्या वस्तीतल्या नळालाही. मुलीने विचारले, "म्हणजे आपण भांडतो ते पाणी इथलं?" हो, इथलेच. बाबांनी सांगितले की मार्च सरला की वरच्या वाड्यांतल्या बायकांना हंडा घेऊन दरीत उतरावे लागते. धरण डोळ्यांसमोर आणि हंडा रिकामा. पाण्याने डोंगराला सोडून जायचे आणि डोंगरातल्या माणसाने बघत राहायचे, हा हिशेब आम्हांला बी.कॉम. होऊनही कधी जुळवता आला नाही.

तरुणांनी पिशवीतून पंचशील ध्वज काढला. एकाने रंगाची डबीही आणली होती. ध्वज माथ्यावर रोवायचा आणि कातळावर वस्तीचे नाव लिहायचे असा त्यांचा बेत आम्हांला तिथे कळला. आम्ही विरोध केला. मुले चिडली. "कळसूबाईवर देऊळ चालतं, मग आपलं निशाण का नाही?" हा त्यांचा सवाल तोडून टाकण्यासारखा नव्हता. आम्ही एवढेच म्हणालो की हा माथा रोज ज्यांच्या गुरांचा आहे त्यांना आधी विचारा. बाबांना विचारले. बाबा म्हणाले, "झेंडा दाखवा, फोटू काढा. पण कपडा पावसात फाटंल, चिंध्या होतील. तुमच्याच झेंड्याची विटंबना. अन् दगडावर नाव कशाला, दगड कुणाला वळखतो?" मुलांना ते पटले. डबी परत पिशवीत गेली. चौघांनी चार टोके धरून ध्वज वाऱ्यावर धरला, आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटले आणि घडी घालून ध्वज खाली आणला.

तिथेच बसून मुलांना पूर्णा मालावत आणि आनंदकुमार यांची गोष्ट सांगितली. तेलंगणातील समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळांतील ही मुले, एक आदिवासी, एक दलित. २५ मे २०१४ रोजी दोघांनी एव्हरेस्ट सर केले. पूर्णाला तेव्हा चौदा पूर्ण नव्हती. त्यांनी शिखरावर बाबासाहेबांचे छायाचित्र नेले होते. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या आदिवासी मुलामुलींनीही मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट गाठले. आमचे घनचक्कर त्यांच्यापुढे टेकाड, पण मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शाळेने नेलं त्यांना. आमच्या कॉलेजात साधी सहल दोन वर्षं झाली नाही."

उतरताना बाबांनी दुसऱ्याच अंगाने आणले. साडेपाचला गावात. निरोप घेताना आम्ही पाकीट काढले तेव्हा तरुणांपैकी एक आमच्या कानाशी लागला, "काका, ते सरपणालाच आले होते, मदत म्हणून आले. पैसे दिले तर त्यांना वाईट वाटेल." आमचा पारा चढला. अर्धा दिवस गेला त्यांचा, सरपणाची मोळी वर राहिली. माणुसकी म्हणून आले हे खरेच, पण माणुसकीच्या नावाखाली फुकट काम करून घेण्यात आमच्या आजोबांचा जन्म गेला. आम्ही बाबांना सरळ विचारले, "आज मजुरीला गेला असतात तर काय मिळाले असते?" ते म्हणाले, "चारशे." आम्ही सातशे पुढे केले. त्यांनी नोटा मोजल्या, खिशात घातल्या, वाईट वगैरे काही वाटून घेतले नाही. "पुढच्या टायमाला आधी गावात इचारा," एवढे म्हणाले.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात या धारांवर धुके असते आणि गवतावर पाय ठरत नाही, मार्चनंतर पाणी नाही आणि वणव्याचे भय. बराच परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा वनखात्याचे नियम राजूरला विचारून घ्यावेत. माणशी तीन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा सदरा, भाकरी, गूळ, बॅटरी, शिट्टी. प्लास्टिक जेवढे न्याल तेवढे परत आणा. गावातला माणूस बरोबर घ्या आणि मजुरी आधी ठरवा. घरी निघायची आणि परतायची वेळ लिहून ठेवा.

त्या रात्री पुन्हा त्याच ओसरीवर मुक्काम होता. आजी तांब्या घेऊन आली. तात्या भिंतीला टेकून पाय चोळत बसले होते. त्यांनी बसल्या जागेवरून हात पुढे केला, तांब्या घेतला, घटाघटा प्याले आणि म्हणाले, "आजी, अजून एक द्या."